अर्धांगवायूतील भौतिकी चिकित्सा

मेंदूतील रक्तवाहिनी चोंदल्याने वा फुटल्याने शरीराच्या एका बाजूची हालचाल मंदावते किंवा बंद पडते. अशा रुग्णास बसणे, उठणे, चालणे व हाताने कामे करणे पुन्हा शिकविणाऱ्या उपचारास अर्धांगवायूतील भौतिकी चिकित्सा म्हणतात. मालिश म्हणजेच ही चिकित्सा, हा समज सर्वत्र रूढ असला तरी चुकीचा आहे. मूळ दोष स्नायूंत नसून मेंदूत असतो. नष्ट झालेल्या भागाचे काही कार्य मेंदूचे इतर भाग उचलू शकतात. मात्र त्यासाठी जी क्रिया हवी तिचाच पुनःपुन्हा सराव करावा लागतो.

आरंभी सांधे आखडू नयेत म्हणून ते हलविणे, कूस बदलणे व रुग्णास बसते करणे यांवर भर असतो. बाधित खांदा सैल पडलेला असल्याने तो हात ओढून रुग्णास उठविणे अपायकारक ठरते. घरोघरी नेमके हेच घडते. घाईही हितावह नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांत वारंवार व अधिक काळ उठविलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांहून कमी समाधानकारक आढळली.

हात दुबळा असल्याने रुग्ण तो वापरण्याचे टाळतो व पुढे शक्ती परतली तरी ती सवय सुटत नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर निरोगी हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्याची पद्धत विकसित केली. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच ती लागू पडते. २००६ मधील चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी दोन आठवडे असा उपचार केलेल्यांत वर्षभरानेही सुधारणा टिकून होती. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असला, तरी त्यानंतर उपचार थांबविणे समर्थनीय नाही, हे यावरून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात शरीराचे कार्य, व्यक्तीची क्रिया आणि जीवनातील सहभाग यांत भेद केला आहे. रुग्णालयाच्या सपाट फरशीवर चालणारा रुग्ण घरच्या उंबरठ्याशी अडतो. उकिडवे बसता न आल्याने परसाकडे जाण्यासाठी परावलंबी होतो, पंगत टाळतो. म्हणून जिन्याचा कठडा, शौचालयातील खुर्ची, पाऊल लोंबू न देणारा आधार यांची योजना व्यायामाइतकीच महत्त्वाची असते. आप्तांनी मायेपोटी घास भरवणे, सदरा चढवणे हेही विचारपूर्वक कमी करावे लागते. बटणे लावण्यास रुग्णास पाव तास लागला, तरी तो सरावच होय.