गाडी मागून 'लो' करताना

आज गाडीच्या मागच्या स्प्रिंगबद्दल बोलू या. हा विषय पुरुषांचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. घरात गाडी आली की तरुण मुलगा म्हणतो, "मागून जरा लो करून घेतो, भारी दिसते." गॅरेजमध्ये काम पटकन होतं आणि खर्चही फार येत नाही. पण त्या मागच्या सीटवर बसतं कोण? आजी, बाळंतीण आणि शाळेतली पोरं. म्हणून त्या स्प्रिंगचं काय होतं, हे आपल्याला कळायला हवं.

चाक खड्ड्यात उतरलं की स्प्रिंग लांबते आणि गतिरोधकावर चढलं की दबते. चाक वरखाली होतं, पण आत बसलेल्यांना धक्का कमी लागतो. शेजारी शॉकअब्सॉर्बर असतो, त्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. स्प्रिंगचं झुलणं थांबवणं हे त्याचं काम. या सगळ्यासाठी चाकाच्या वर मोकळी जागा लागते. बाहेरून ती नुसती फट वाटते, पण चाकाला वरखाली व्हायला तीच जागा कामी येते. गाडी लो करायची म्हणजे नेमकी हीच जागा कमी करायची.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकणं. बॉलपेनमधली स्प्रिंग घ्या. पूर्ण स्प्रिंग सहज दबते. तिचा अर्धाच भाग चिमटीत धरून दाबा, जास्त जोर लागेल. गाडीचंही तसंच. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग साधारण 14 टक्के ताठ होते. म्हणजे दबायला जागा कमी आणि स्प्रिंगही कडक. पाच माणसं बसली आणि गतिरोधक आला, की स्प्रिंग पुरती दबते आणि गाडी आतल्या रबरी अडणीवर आपटते. तो दणका थेट मागच्यांच्या कमरेत जातो.

दुसरा धोका चाक खाली लोंबतं तेव्हाचा. शॉकअप मूळ लांबीचाच असतो, स्प्रिंग मात्र आखूड झालेली. चाक मोठ्या खड्ड्यात उतरलं की स्प्रिंग बैठकीत सैल पडते. शिवाय कारखान्यात तिचं टोक बैठकीत नीट बसेल असं वळवलेलं असतं, कापलेलं टोक तसं बसत नाही. सैल स्प्रिंग सरकू शकते, निसटूही शकते.

काही ठिकाणी स्प्रिंग कापत नाहीत, गॅसच्या ज्योतीने तापवून खाली बसवतात. हे तर त्याहून वाईट. लोहार विळ्याला पाणी देतो, हे आपण पाहिलेलं असतं. तोच विळा पुन्हा चुलीत लाल झाला, तर त्याचं पाणी उतरतं आणि तो मऊ पडतो. स्प्रिंगचं पोलादही असंच पाणी देऊन तयार केलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवलं की त्याची ताकद जाते. मग ती स्प्रिंग हळूहळू आणखी बसते किंवा तुटते.

परिणाम मागच्या सीटपुरताच राहत नाही. मागची बाजू खाली गेली की पुढचं नाक वर होतं आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह मागच्या अॅक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली बसली म्हणजे मागे ओझं आहे, असं तो धरतो. मुळातच गाडी खाली असेल, तर रिकाम्या गाडीतही तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक लावतो. पावसाळी रस्त्यावर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते.

खास आखूड बनवलेल्या स्प्रिंग बाजारात मिळतात. त्यांच्या जोडीचे शॉकअपही असतात. कापलेल्या स्प्रिंगपेक्षा त्या नक्कीच बऱ्या. पण आपले रस्ते बघा. प्रमाणातला गोल गतिरोधकसुद्धा 10 सेंटीमीटर उंच असतो. गावोगावी हाताने घातलेले उंचवटे तर विचारूच नका. त्यात गाडी खाली घेतली, की पोट घासणार.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, शिक्षा मालकाला आहे. हौस लेकाची आणि गाडी आईच्या नावावर असेल, तर उत्तर आईला द्यावं लागेल.

जुनी गाडी घेत असाल तर एवढं जरूर पाहा:

• सपाट जागेवर गाडी उभी करून मागच्या दोन्ही चाकांवरची फट टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक असेल तर कारण विचारा.
• गॅरेजमध्ये लिफ्टवर गाडी उचलायला सांगा. चाक लोंबत असताना स्प्रिंग हाताने हलली तर ती आखूड आहे.
• स्प्रिंगचं टोक खडबडीत, रंग उडालेलं किंवा जळून निळसर झालेलं असेल, तर ती कापलेली किंवा तापवलेली असू शकते.
• टायरच्या आतल्या कडेला आणि वरच्या कमानीला घासल्याच्या खुणा आहेत का, तेही बघा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये.

आपलीच गाडी आधी कापून घेतलेली असेल, तर मूळ मापाच्या दोन्ही मागच्या स्प्रिंग एकदम बदला. एकच बदलली तर गाडी तिरकी होते. शॉकअप गळतोय का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

मुलाची हौस मोडायची नाही. सीटकव्हर घेऊ दे, गाणी लावायला चांगला स्पीकर घेऊ दे. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही, एवढं त्याला ठामपणे सांगा. तुमचे प्रश्न कळवत राहा.