मासा मेला नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नाही



तापीच्या मुखाशी, डुमस-हजीरा पट्ट्यात, सुरत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं. मासे मरून तरंगले की सगळे बोलतात. पण जो मासा जगतो, त्याचं काय होतं ते आपण बघत नाही.

सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत जातो. बोय वर येऊन तोंडाची उघडझाप करते ती त्यासाठीच. अशा वेळी माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, साखर चढते. थोडा वेळ तो हे सोसतो. रोजचंच झालं तर अंगातली ताकद नुसतं जगण्यातच खर्च होते. वाढ खुंटते, गाभोळी कमी धरते, रोग लवकर लागतो. दमून मेलेला मासा लवकर ताठरतो आणि कमी टिकतो. म्हणजे वजन कमी आणि भावही कमी. नुकसान आपलंच.

म्हणून मासे वर येऊन धापा टाकताना दिसले, तर जागा, वेळ, भरती की ओहोटी हे लिहून ठेवा, फोटो काढा आणि सोसायटीत कळवा. सगळ्या नोंदी एकत्र करून आम्ही गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देऊ. नुसत्या तोंडी तक्रारीला वजन नसतं.