गाडीचा फ्यूज किती अँपिअरचा?

मोटरसायकलचा फ्यूज रस्त्यात उडाला की एखादा भला माणूस सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवून देतो. गाडी चालू होते, आपण आभार मानून निघतो. पण आता पेट्रोलच्या टाकीखालून जाणारी वायर तापली तर तिला वाचवणारं काही उरलेलं नसतं.

फ्यूज असतो तो वायरीसाठी. दिव्यासाठी किंवा हॉर्नसाठी नाही. वायरीचं आवरण वितळण्याआधी फ्यूजमधली बारीक पट्टी वितळावी, एवढंच त्याचं काम. म्हणून तो नेहमीच्या करंटपेक्षा थोडा मोठा, पण वायरीला जेवढं सोसतं त्यापेक्षा लहान हवा.

हिशेब साध्या भागाकाराचा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. समजा, अंधारात शेतावरून यावं लागतं म्हणून २० वॅटचे दोन जादा दिवे लावले. ४० भागिले १२, म्हणजे सव्वातीनच्या जरा वर. त्यात पाव हिस्सा मिळवला की सव्वाचारच्या आत येतं. मग ५ चा फ्यूज घ्या. दुकानदार १५ चा देऊ करील, ‘मोठा असलेला बरा’ म्हणेल. पातेलं मोठं असलेलं बरं, फ्यूज नाही! तो बॅटरीच्या प्लस टोकाजवळच बसवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा वायरीचा तुकडा राखणीशिवायच राहतो.

चार्जिंगचंही असंच. इंजिन फिरलं की मॅग्नेटोची कॉइल वीज तयार करते आणि रेग्युलेटर ती साधारण १४ व्होल्टवर बॅटरीला देतो. कॉइल २०० वॅटची असेल तर सव्वाचौदा अँपिअर. पाव हिस्सा धरून अठरापर्यंत, म्हणजे २० चा फ्यूज. पण वायर तेवढी जाड असेल तरच. कंपनीने १५ चा दिला असेल तर १५ चाच घालायचा, तिथे आपला हिशेब चालवायचा नाही. आकडा फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चपट्या पायांच्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

नवा फ्यूज लगेच उडाला तर बिघाड दुसरीकडे आहे. हँडल वळतं तिथे वायर घासून उघडी पडली आहे का, ते आधी बघा. माझ्या गाडीत ती तिथेच सापडली, तोवर मी तीन फ्यूज जाळले होते. तिथे काही नसेल तर रेग्युलेटर तपासून घ्या. आणि सीटखाली त्याच आकड्याचे दोन फ्यूज कायम ठेवा.