म्हापशाची बहीण आणि तिचा पुत्र

ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशाच्या सेंट जेरोम इगर्जीत मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त भरते. त्या दिवशी तेल वाहण्यासाठी जी रांग लागते तिच्यात कुंकवाची कपाळे किती आणि मोकळी किती, याची मोजदाद कोणी करीत नाही. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील हिंदू माणसाला तेथे जाताना आपण परधर्मीयांच्या मंदिरात पाऊल टाकीत आहोत असे वाटत नाही. तो बहिणीच्या घरी चाललेला असतो. मयेची महामाया, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाय आणि म्हापशाची मिराबाय या सख्ख्या बहिणी, वायंगिणीचा खेतोबा त्यांचा भाऊ, ही कथा या भागातील लहान पोरेही सांगतात. गावागणिक एखादे नाव बदलते. म्हापशाची बहीण मात्र सहसा सुटत नाही, आणि ही मिराबाय म्हणजेच सायबीण, याविषयी कोणाच्या मनात किंतु नसतो. शिरगावहून सायबिणीला तेल जाते आणि सायबिणीकडून लईराईला मोगरीची फुले येतात, अशी परंपरा सांगितली जाते.

आता नात्याचा हा हिशेब थोडा पुढे न्यावयाचा, तर सायबीण म्हणजे येशूची माता मरिया; तेव्हा तिचा पुत्र हा आमच्या मयेच्या महामायेचा भाचा ठरतो! मयेतील एखाद्या वृद्धेला असे सांगितले, तर तिला त्यात वावगे काही वाटणार नाही. उलट भाच्याच्या नावाने एक नारळ अधिक ठेवावा असेच तिला वाटेल. परंतु म्हापशातील तिच्या ख्रिस्ती शेजारणीला हे नाते मान्य होईल काय? ती हसेल, तेलाची बाटली प्रेमाने पुढे नेईल, कदाचित विषयही बदलील. पण मनातून ती हे नाते स्वीकारू शकणार नाही. तिला का स्वीकारता येत नाही, हे समजून घेण्याची तसदी आम्ही हिंदूंनी चारशे वर्षांत क्वचितच घेतली आहे. सर्व देव एकच, असे म्हटले की आमचे काम झाले. शेजाऱ्याचे म्हणणे काय आहे हे न ऐकताच त्याला होकार देऊन टाकण्याची ही रीत सौजन्याची आहे खरी, पण तिच्यात आदर किती आणि आळस किती, हा प्रश्न उरतोच.

ख्रिस्ती धर्मग्रंथाचे म्हणणे संदिग्ध नाही. नव्या करारात पौलाने कलस्सै या आशिया मायनरमधील नगरीच्या मंडळीला लिहिलेले एक छोटे पत्र आहे. हे पत्र गोमंतकीय हिंदूने अवश्य वाचावे, कारण त्या नगरीची माणसे बरीचशी आपल्यासारखी होती. ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा नव्हती असे नव्हे. पण श्रद्धेच्या जोडीला त्यांना अमावास्या हवी होती, सण हवे होते, काय खावे आणि काय प्यावे याचे नियम हवे होते, आणि देवदूतांची उपासनाही हवी होती. मोठ्या देवापर्यंत पोचावयाचे तर वाटेवरचे लहान अधिपतीही संतुष्ट असावेत, हा त्यामागचा हिशेब. आमच्या गावांत ग्रामदेवतेला सांगणे झाल्याशिवाय, वेशीवरच्या राखणदाराचा मान दिल्याशिवाय कोणते कार्य सुरू होते? कलस्सैकरांची भीती आणि आमची भीती एकाच जातीची आहे.

पौल त्यांना नियम सांगत बसत नाही. ख्रिस्त कोण हेच तो सांगतो. अदृश्य देवाचे रूप म्हणजे ख्रिस्त. जे जे दिसते आणि जे जे दिसत नाही, ते सारे त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झाले. सिंहासने आणि अधिकारही त्यातच आले. आणि सर्वांत प्रथम स्थान त्याचे. देवत्वाची सारी पूर्णता जर त्या एकात वसत असेल, तर वाटेवरच्या अधिपतींना भिण्याचे कारण काय, असा त्याचा सवाल आहे. म्हणजे ख्रिस्ताच्या श्रेष्ठत्वाचा हा सिद्धांत मुळात दुसऱ्यांच्या देवांना हिणवण्यासाठी सांगितलेला नाही, भ्यालेल्या माणसांची भीती घालवण्यासाठी सांगितलेला आहे. असे म्हटल्याने त्याची धार बोथट होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. ख्रिस्त हा अनेकांतील एक, किंवा अनेकांतील सर्वांत मोठा, असे नवा करार म्हणत नाही. तारणासाठी दुसरे नाव नाही, असे त्यातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्र स्पष्टच बजावतो.

येथे आमच्याकडील सुशिक्षित वाचक अवताराची कल्पना पुढे करतो. आमच्यात राम, कृष्ण, तसा त्यांच्यात येशू, एवढे म्हणून तो समाधान पावतो. साम्य आहेच. तथापि गीतेतील भगवंत युगायुगांत पुन्हा येतो. ख्रिस्ती श्रद्धेतील देव एकदाच आला, आणि तो कोणत्या काळी आला हे विसरले जाऊ नये म्हणून त्यांच्या विश्वासाच्या अंगीकारात पंतय पिलात या रोमन सुभेदाराचे नावदेखील घातलेले आहे. जगातील कोट्यवधी माणसे रविवारी त्या सुभेदाराचे नाव उच्चारतात ते त्याच्या थोरवीसाठी नव्हे. हे खरोखर घडले, अमुक राजवटीत घडले, हे सांगण्यासाठी. पुन्हा येण्याची आवश्यकता उरू नये इतके ते एकदा आलेले पुरे होते, हा त्यातील आशय आहे.

आणि हा श्रेष्ठ असलेला प्रभू कसा? पौलानेच फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचे उत्तर आहे. देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत तो नमला. म्हणूनच देवाने त्याला सर्वांहून उंच केले. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री हा प्रभू कमरेला वस्त्र बांधून शिष्यांचे पाय धुतो. गोव्यातील इगर्जींत आजही पवित्र गुरुवारी पाद्री वाकून बारा जणांचे पाय धुतो ते याच प्रसंगाच्या स्मरणार्थ. ज्याचे स्थान सर्वांत वर, तो सर्वांच्या पायाशी. हा विरोधाभास ध्यानात घेतला नाही, तर ख्रिस्ती धर्मातील श्रेष्ठत्व या शब्दाचा अर्थच हाती लागत नाही.

रोजच्या श्रद्धेत हे कसे उतरते? ख्रिस्ती घरात तिन्हीसांजेला तेर्स म्हटला जातो, दारच्या खुरसापुढे मेणबत्ती लागते, मे महिन्यात वाड्यावाड्यांवर लादिनी होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा सारा मातेचा आणि संतांचाच संसार आहे, पुत्र बिचारा खुरसावर एकटाच. तेर्सात मरियेची प्रार्थना पन्नास वेळा येते हे खरे. पण त्या पन्नास मण्यांच्या ओघात मन ज्या प्रसंगांवर ठेवावयाचे, ते बहुतेक पुत्राच्या चरित्रातले. भाषेतही हा भेद नीट सांभाळला आहे. मरिया ती सायबीण, सेंट झेवियर तो गोंयचो सायब. परंतु येशूच्या नावामागे ‘सोमी’ लागते, आणि हे सोमी म्हणजे आपले ‘स्वामी’च. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरियेने स्वतः चमत्कार केला नाही. तिने पुत्राच्या कानावर गोष्ट घातली आणि चाकरांना तो सांगेल तसे करा असे सांगून ती बाजूला झाली. चमत्कारांची माता म्हणून म्हापशात जिला तेल वाहतात, तिची शुभवर्तमानातील भूमिका ही एवढी आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मातेच्या भक्तीने पुत्राच्या एकमेव मध्यस्थीला बाध येत नाही असे मांडले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर मरियेला ‘सहतारक’ म्हणण्याची प्रथा उचित नाही, असे रोमने लेखी कळविले. म्हणजे बहिणीचा मान राखूनही घरचा धनी कोण, याविषयी त्या घरात दोन मते नाहीत.

मग गोव्याच्या हिंदूने या श्रेष्ठत्वाच्या घोषणेकडे इतकी वर्षे संशयाने का पाहिले? याचे उत्तर बायबलात नाही, इतिहासात आहे. १५४० पासून तिसवाडीतील आणि पुढे बार्देश व साष्टीतील देवळे पाडली गेली; १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचा अंमल चालला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून मयेच्या शेजारच्या नार्वे गावी आला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ पुन्हा उभारले. बार्देश सोळाव्या शतकाच्या मध्यावरच पोर्तुगिजांकडे गेला, तर डिचोली त्यांच्या हाती आली अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, आणि तोवर सक्तीचा जोर ओसरला होता. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे मये सरहद्दीच्या एका बाजूला आणि म्हापसे दुसऱ्या बाजूला होते. म्हापशाच्या बहिणीची कथा ही त्या ताटातुटीची आठवण असावी, असा आमचा तर्क आहे. ती पलीकडे राहिली, तिचे नाव बदलले, पण तिला परकी म्हणावयास मन धजले नाही.

पाय धुणाऱ्या प्रभूच्या नावाने ज्यांनी हे केले, त्यांनी त्याचे श्रेष्ठत्व आपल्या राजाच्या खात्यावर जमा करून घेतले. पोर्तुगीज भाषेत देवालाही ‘सिन्योर’ आणि जमीनदारालाही ‘सिन्योर’. मयेकरांना हा दुसरा सिन्योर चांगला परिचयाचा आहे. अख्खा गाव काउंटाच्या मालकीचा. मुक्तीनंतर १९६४ च्या कायद्याने तो निर्वासित मालमत्ता ठरला. आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या, राहणाऱ्या माणसांना स्वतःच्या घराखालची जमीन आपली म्हणवण्यासाठी २०१४ च्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. ११ व्या पायस पोपने १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण सुरू केला तो पहिल्या महायुद्धानंतर माजलेल्या राष्ट्रांना आणि सत्ताधीशांना त्यांची पायरी दाखवण्यासाठी. पण १९५९ मध्ये सालाझारच्या राजवटीत लिस्बनसमोर ख्रिस्तराजाचा प्रचंड पुतळा उभा राहिला, तेव्हा गोव्याचे सत्याग्रही तुरुंगांत होते. सर्व सत्तांहून वर असलेल्या प्रभूपुढे आपलीही सत्ता खाली येते, हे त्या पुतळ्यापुढे गुडघे टेकणाऱ्या हुकूमशहाला सुचले नसावे.

गोव्यातील ख्रिस्ती माणसाला मात्र ते सुचले होते. १७८७ च्या पिंटोंच्या कटात पाद्री आघाडीवर होते. त्या प्रकरणी पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली आणि पाद्रींना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षे डांबून ठेवले गेले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी परक्या सत्तेने गोमंतकीयांचे मन कसे पोखरले ते लिहिले. १९४६ साली डॉ. लोहियांना असोळण्यास आपल्या घरी आणणारे डॉ. ज्युलियांव मिनेझिसही ख्रिस्ती कुळातलेच. राजाची आज्ञा ही देवाची आज्ञा नव्हे, हे या भूमीतल्या ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या अंगावर झेलून दाखविले आहे.

हेच श्रेष्ठत्व सांगण्याची दुसरी रीतही गोव्यात होऊन गेली, आणि ती आमच्या भाषेत आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आयुष्याची चाळीस वर्षे येथे, बहुतांशी साष्टीत, काढली. त्याच साष्टीत १५८३ साली कुंकळ्ळीचा रक्तपात झाला. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोलच्या छापखान्यातून त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या! ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या तोडीचे दुसरे काही आम्हांला का देत नाही? हा प्रश्न पाद्रीने दडपला नाही, ग्रंथातच नोंदवून ठेवला. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले, मराठीची स्तुती केली, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात पॅलेस्टाईनची कथा सांगितली. पण ख्रिस्ताचे स्थान तसूभर खाली आणले नाही. देवतांच्या सभेत त्याला एक आसन देऊन स्टीफन्सने आमची खुशामत केली नाही. त्याचे मूर्तिपूजेविषयीचे कठोर उद्गार आम्हांस आजही खुपतात, ते खुपावेतच. तरीही ज्याला पटवावयाचे त्याची भाषा आधी आपलीशी करावी लागते, हे त्याला ठाऊक होते. ज्या राजसत्तेच्या छायेत तो लिहीत होता, तिने १६८४ मध्ये हुकूम काढून लोकभाषाच मोडीत काढावयास घेतली. श्रेष्ठत्व मनात उतरवावयाचे की मानेवर लादावयाचे, याचा निर्णय तिने आपल्या पद्धतीने केला.

स्टीफन्स कोंकणीचा की मराठीचा, यावर गोव्यात पुष्कळ शाई सांडली आहे. कोंकणीचे व्याकरण त्याचे, पुराण मराठीचे. दोन्ही भाषांनी सुखाने वाटून घ्यावा एवढा तो मोठा आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांपैकी त्याला वाचणारे किती?

मिलाग्रीसला तेल नेणे थांबवावे असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही बाजूंचे काही शुद्धतावादी तसे म्हणू लागले तर त्यांना आमचा विरोधच राहील. तेल जावे, मोगरी यावी, बहीण म्हणावे. मात्र त्या इगर्जीत शिरताना तेथील यजमान स्वतःविषयी काय मानतात, कोणाला प्रभू म्हणतात आणि का, हे मयेच्या तरुणाला माहीत असावे. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढली, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्कांव यांनी आजच्या मराठीतील अनुवादासह तो ग्रंथ पुन्हा उपलब्ध करून दिला. डिचोली आणि पेडण्याच्या वाचनालयांनी ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवताच्या फळीवर त्याची एक प्रत ठेवावी.