करदर सांगणारे साधन आणि त्याची माहितीपुस्तिका

आयकराचा दर पाहावयाचा तर पूर्वी अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र जपून ठेवावे लागे. आता हे काम संगणकावरील लहानशी साधने करतात. वर्ष सांगावे, उत्पन्नाचा आकडा लिहावा, की कराची रक्कम डोळ्यांपुढे उभी राहते. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर असा ‘टॅक्स कॅल्क्युलेटर’ आहे. खाजगी साधनांची तर गणतीच नाही. उत्तर क्षणात मिळते खरे. परंतु ते नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे साधनासोबत दिलेली माहिती वाचल्यावाचून कळत नाही. ही माहिती चांगली की उणी, हे ओळखावे कसे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विद्यार्थ्यांना आज कर द्यावयाचा नसतो. पण कित्येक घरी वडीलधाऱ्यांसाठी संगणकापुढे बसण्याचे काम त्यांच्याचकडे येते.

पहिली परीक्षा वर्षाची. हैदराबादकरांस तरी ही गोष्ट अवघड वाटू नये. निजामाच्या राज्यातील आयकराच्या कायद्यावर १३५७ फसली हे साल आहे. इसवी सनाने ते १९४७-४८ होय. पुढे १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकर कायदा येथे लागू झाला. ज्यांच्या घरी त्या काळातील दस्तऐवज आहेत, त्यांना ठाऊक आहे की सालाचा नुसता आकडा पुरत नाही; तो कोणत्या गणनेतील, हेही सांगावे लागते.

आयकरातही तसेच आहे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न मिळते ते वर्ष निराळे आणि त्याची आकारणी होते ते पुढचे ‘आकारणी वर्ष’ निराळे. तेव्हा साधनाने नुसते ‘२०२५-२६’ असे विचारले, तर त्याचे दोन अर्थ होतात. समजा, एका निवासी गृहस्थांचे करपात्र उत्पन्न १०,००,००० रुपये आहे व ते पगाराचे असून नव्या करप्रणालीत आहे. २०२५-२६ हे आकारणी वर्ष धरले, तर उत्पन्न २०२४-२५ चे ठरते. पहिल्या ३ लाखांवर कर नाही. पुढील ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. उरलेल्या ३ लाखांवर १० टक्क्यांनी ३०,०००. एकूण ५०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ५२,००० रुपये. आता २०२५-२६ हे उत्पन्नाचेच वर्ष धरा. पहिले ४ लाख मुक्त, पुढील ४ लाखांवर २०,०००, उरलेल्या २ लाखांवर २०,०००. हे ४०,००० झाले. परंतु त्या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नास ६०,००० रुपयांपर्यंत सवलत असल्यामुळे द्यावयाचा कर शून्य! एकाच आकड्यास दोन उत्तरे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ज्या माहितीपुस्तिकेत वर्षाचा अर्थ पहिल्याच पानावर सांगितलेला नाही, ती आम्ही तरी बाजूस ठेवू. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात येणारा आयकर अधिनियम, २०२५ हा दोन वर्षांचा घोळ काढून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणतो. तथापि मागील वर्षांचे कागद जुन्याच भाषेत राहणार.

दुसरी परीक्षा सीमेवरील उदाहरणाची. वरच्याच गृहस्थांचे २०२५-२६ मधील करपात्र उत्पन्न १२,१०,००० रुपये असते तर? कोष्टकाप्रमाणे कर ६१,५०० येतो. पण मर्यादा १०,००० रुपयांनी ओलांडली म्हणून ६१,५०० भरावे लागणे अन्यायाचे होय. म्हणून कायदा हा कर १०,००० वर रोखतो, उपकर वेगळा. नुसते कोष्टक पाठ केलेले साधन येथे हटकून फसते. माहितीपुस्तिकेत ५ लाख आणि १० लाख अशी सोपी उदाहरणे असतात. असे अडचणीचे उदाहरण सोडवून दाखविलेले असेल, तर लेखकाने विषय जाणला आहे असे समजावे.

साधनास काय येत नाही, हेही स्पष्ट लिहिलेले असावे. विभागाच्या गणकाखाली अशी सूचना आहे की, हे केवळ ढोबळ हिशेबासाठी असून सर्व परिस्थितीत ते अचूक असेलच असे नाही. विवरणपत्रासाठी कायदा व नियम पाहावेत. काहींना ही पळवाट वाटते. आम्हांस तो प्रामाणिकपणा वाटतो.

तिसरी गोष्ट बदलांच्या नोंदीची, आणि ती किती महत्त्वाची आहे हे मुंबईत दिसून आले. ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्राच्या आज्ञावलीत बदल झाला. शेअरांवरील अल्पमुदतीच्या नफ्यासारख्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम ८७-ए ची सवलत मागण्याची सोय तीतून गेली. त्या कलमाचे शब्द बदलले नव्हते. बदलली होती आज्ञावली. ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मधील अंतरिम आदेशानंतर विलंबित व सुधारित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. त्याच महिन्यातील निकालात, सवलत मिळते की नाही हे कायद्याप्रमाणे पुढे ठरेल, पण ती मागण्याची वाटच आज्ञावलीने बंद करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढे २०२५ च्या वित्त अधिनियमाने २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत अशा उत्पन्नास ही सवलत नाही, असे स्पष्ट केले.

म्हणून कोणत्या तारखेस काय बदलले आणि दर कोणत्या वर्षाच्या वित्त अधिनियमातून घेतले, या दोन नोंदी माहितीपुस्तिकेत शोधाव्यात. त्या सापडल्या, तर मिळालेल्या उत्तराच्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालून तो विवरणपत्राच्या प्रतीस जोडून ठेवावा.