जिंकला कोण, सरस कोण?

१४ जुलै २०१९. विम्बल्डनची पुरुष एकेरीची अंतिम लढत चार तास सत्तावन्न मिनिटं चालली आणि नोव्हाक जोकोविचने रॉजर फेडररला ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असं हरवलं. आता जरा बेरीज करू. जोकोविचचे गेम ३२, फेडररचे ३६. पॉइंट मोजले तर जोकोविच २०४, फेडरर २१८. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर, स्वतःच्या सर्व्हिसवर, फेडररकडे दोन मॅच पॉइंट होते. चषक जोकोविचने उचलला, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवशी सरस कोण खेळलं, याचं उत्तर तुम्ही सामना मोजता, सेट, गेम की पॉइंट, यावर ठरतं.

टेनिसमधल्या मानांकन पद्धतींचं भांडण नेमकं इथेच आहे. प्रत्येक पद्धत आपलीच मोजणी खरी मानते. खेळाडू मात्र ज्याची मोजणी होते त्याप्रमाणे वागू लागतात, आणि परिणाम तिथून सुरू होतात.

क्रमवारी वेगळी, रेटिंग वेगळं

आपण वर्तमानपत्रात वाचतो ती क्रमवारी. पुरुषांची संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ रोजी सुरू झाली आणि इली नास्तासे पहिला अव्वल खेळाडू ठरला. महिलांची क्रमवारी १९७५ मध्ये आली, तेव्हा तो मान क्रिस एव्हर्टला मिळाला. ही क्रमवारी म्हणजे बँकेचं पासबुक. गेल्या ५२ आठवड्यांत कोणत्या स्पर्धेत कुठवर मजल मारली, त्याचे गुण जमा होतात आणि वर्ष उलटलं की वजा होतात. समोर कोण होतं, किती झुंजावं लागलं, याची नोंद तिथे नसते.

या हिशेबातून काय घडू शकतं ते २०२२ मध्ये दिसलं. विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, म्हणून खेळाडूंच्या संघटनांनी त्या स्पर्धेचे गुणच काढून घेतले. एलिना रिबाकिना विजेती झाली, पण स्पर्धेआधी ती तेविसावी होती आणि नंतरही तेविसावीच राहिली. जोकोविच तर स्पर्धा जिंकून तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर घसरला, कारण आदल्या वर्षीच्या विजेतेपदाचे गुण गेले आणि नवे मिळाले नाहीत.

रेटिंगचा प्रश्न वेगळा असतो. हे दोघे उद्या खेळले तर काय होईल? त्याचा पाया बुद्धिबळात आहे. मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अर्पाद एलो यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने साधारण ७६ टक्के गुण मिळवावेत ही अपेक्षा. जास्त मिळवले तर रेटिंग वाढतं, कमी मिळवले तर उतरतं. पण बुद्धिबळात निकाल तीनच: विजय, बरोबरी, पराभव. टेनिसमध्ये ६-० हाही विजय आणि ७-६ हाही विजय. दोन्ही सारखेच धरायचे का?

चार देवळं, चार देव

फ्रान्स म्हणतो, हो, सारखेच. तिथल्या टेनिस महासंघाच्या जुन्या पद्धतीत खेळाडूंच्या पायऱ्या ४०, ३०, १५ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात आणि मधल्या पायऱ्या त्यांच्या अपूर्णांकांनी. कोणत्या पायरीवरच्या माणसाला हरवलं किंवा कोणत्या पायरीवरच्याकडून हरलं, एवढंच पाहिलं जातं, स्कोअर नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस एनटीआरपी ही पद्धत आली ती हौशी खेळाडूंसाठी. १.० पासून ७.० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचं शब्दांत वर्णन. ३.५ चा खेळाडू म्हणजे मध्यम वेगाच्या फटक्यांवर ताबा आहे, चेंडूला दिशा देता येते, पण खोली आणि विविधता कमी. नवखा खेळाडू आपली पायरी आपणच ठरवतो. पुढे लीगच्या सामन्यांवरून संगणक शतांशापर्यंत हिशेब ठेवतो, पण खेळाडूला फक्त अर्ध्याची पायरी कळते. ३.०१ आणि ३.५० दोघेही ३.५.

व्हर्जिनियाच्या डेव्ह हॉवेल यांनी २००८ मध्ये यूटीआर ही पद्धत आणली, तिने हा आडपडदाच काढून टाकला. १ ते १६.५ अशी एकच मोजपट्टी, मुलगा-मुलगी, हौशी-व्यावसायिक सगळ्यांना तीच. गेल्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने घ्यायचे आणि प्रतिस्पर्ध्याचं बळ पाहता जितके गेम मिळायला हवे होते, त्यापेक्षा जास्त मिळाले की कमी, ते पाहायचं. त्यामुळे दुबळ्या खेळाडूला ६-४, ६-४ हरवून आलेल्याचं रेटिंग उतरू शकतं आणि बलाढ्य खेळाडूकडून त्याच स्कोअरने हरलेल्याचं चढू शकतं.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची डब्ल्यूटीएन ही त्यानंतरची. तिची पट्टी उलटी, नवशिका ४० वर आणि अव्वल व्यावसायिक १ जवळ. एकेरी-दुहेरीचे आकडे वेगळे, आणि मोजणी सेटची.

आता २०१९ चा तो सामना या तराजूंत घाला. दोघं आधी तुल्यबळ होते असं धरलं, तर फ्रेंच हिशेबात जोकोविच सरस. सेटच्या हिशेबातही ३-२ ने तोच. निव्वळ गेमच्या हिशेबात मात्र फेडररकडे जवळपास ५३ टक्के गेम, म्हणजे हरलेल्याचं पारडं जड. गेम मोजण्यात नमुना मोठा मिळतो, म्हणून अंदाज सहसा अधिक नेमका येतो. पण त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेकर जोकोविचने जिंकले. मोक्याचा पॉइंट घेणं हेही कौशल्यच आहे, आणि गेमच्या बेरजेत ते विरघळून जातं.

आकड्याच्या मागे धावताना

एनटीआरपीत खालच्या पायरीवर राहण्यात फायदा असतो, कारण खालच्या गटातला तगडा खेळाडू संघाला हवाच असतो. म्हणून काहीजण स्वतःला मुद्दाम कमी लेखतात, सोपा सेट ओढूनताणून ७-५ पर्यंत नेतात. त्यावर उपाय म्हणून स्वतः पायरी ठरवलेल्या खेळाडूचा खेळ हंगामात तीनदा मर्यादेबाहेर गेला, की त्याला त्या पायरीवरून बाद करतात. यूटीआरमध्ये उलटं घडतं. आपल्यापेक्षा कमी आकड्याच्या मुलाशी खेळणं म्हणजे जोखीम, म्हणून ते टाळलं जातं. ६-१, ४-० अशा आघाडीवरही नवा फटका करून पाहायला मुलगा धजावत नाही, कारण प्रत्येक गेमची किंमत लागते. सेट मोजले, तर ०-५ झालेला सेट सोडून पुढच्यासाठी दम राखण्यात काहीच जात नाही.

शिवाय आकडा कळपापुरताच खरा असतो. व्हर्जिनियाच्या तुरुंगातला कैदी क्लॉड ब्लडगुड याने सहकैद्यांशी बुद्धिबळ खेळून खेळून १९९६ मध्ये २७०२ रेटिंग गाठलं आणि कागदोपत्री अमेरिकेत दुसरा झाला. बाहेरच्या खेळाडूंशी गाठच पडली नाही, तर कळपातला प्रत्येक आकडा असा फुगू शकतो किंवा बसू शकतो.

आकडा असा कळपापुरता असणं आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून. त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांना आज अमेरिकी प्रशिक्षक आधी यूटीआर विचारतात. इथली वयोगटांची क्रमवारी मात्र गुणांची आहे, आणि गुण मिळवायचे तर गावोगावच्या स्पर्धा गाठाव्या लागतात. ज्याला प्रवासाचा खर्च झेपतो त्याला संधी जास्त.

म्हणून माझं मत सरळ आहे. विजेता ठरवायला सामना आणि क्रमवारी पुरेशी. क्लबात जोड्या लावायला, ड्रॉ काढायला गेमवर आधारलेलं रेटिंग उत्तम. चौदा वर्षांखालच्या मुलाला मात्र दशांश दाखवूच नये, एनटीआरपीसारखी ढोबळ पायरी सांगावी. आणि आपल्या क्लबांनी एवढं तरी करावं: सामन्यांच्या निकालात नुसतं नाव न लिहिता पूर्ण स्कोअर नोंदवावा आणि वर्षातून काही सामने दुसऱ्या शहरातल्या क्लबांशी ठेवावेत. पद्धत कोणतीही निवडा, या दोन गोष्टींशिवाय तिचा आकडा विश्वासाचा होणार नाही.