पर्यावरणीय भेद्यतेचे मापन : विशेष संदर्भ गोंदिया जिल्हा

पूर, अवर्षण किंवा संसाधनांचा ऱ्हास यांमुळे एखाद्या प्रदेशाला हानी पोहोचण्याची जी अंगभूत शक्यता असते, तिला पर्यावरणीय भेद्यता असे म्हणतात. तिच्या मापनासाठी दक्षिण पॅसिफिकमधील सोपॅक या संस्थेने ५० निर्देशकांचा देशनिहाय निर्देशांक सिद्ध केला. तथापि भारतासारख्या देशाला एकच अंक देणे फारसे उपयुक्त नाही.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात राज्ये व जिल्हे यांची तुलना केलेली आहे. अशा मापनात प्रत्येक निर्देशकाच्या किमान व कमाल मूल्यांच्या आधारे ० ते १ असा अंक काढतात आणि सर्व अंकांची सरासरी घेतात. या अहवालात छत्तीसगड अधिक भेद्य, तर महाराष्ट्र तुलनेने कमी भेद्य ठरला. परंतु १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा छत्तीसगडला लागूनच आहे. सालेकसा व देवरी या तालुक्यांतील अरण्य, धानशेती आणि आदिवासी वस्ती राज्याच्या सीमेपाशी संपत नाही. राज्याची सरासरी पुणे-मुंबईच्या बळावर सुधारते. देवरीच्या शेतकऱ्याची क्षमता त्यामुळे वाढत नाही.

निर्देशकांची निवड हा याहून अवघड प्रश्न होय. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, हा या जिल्ह्यातील सिंचनाचा जुना आधार. मालगुजारी पद्धती नष्ट झाल्यानंतर ते शासनाकडे आले आणि देखभालीची गावपातळीवरील व्यवस्था खिळखिळी झाली. गाळाने भरलेला तलावही कागदोपत्री तलावच असतो. केवळ संख्या मोजल्यास अनुकूलन क्षमता फुगलेली दिसते. साठवणक्षमता मोजल्यास चित्र पालटते. वार्षिक पर्जन्यमानाचेही तसेच आहे. रोवणीच्या ऐन दिवसांत पावसाने ओढ दिली, तर वर्षाची बेरीज पुरेशी असूनही धान हातचे जाते. वनक्षेत्र हा निर्देशक सामान्यतः भेद्यता कमी करणारा मानतात. मात्र मोहफुले व तेंदूपाने यांवर ज्यांची उपजीविका आहे, त्यांच्यासाठी तोच परावलंबित्वाचा निदर्शक ठरू शकतो.

ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला मोठा पूर आला व गोंदिया, तिरोडा या तालुक्यांतील नदीकाठास त्याची झळ बसली. २०१४ पासून रूढ झालेल्या मांडणीत असा पूर भेद्यतेत न धरता ‘धोका’ म्हणून स्वतंत्रपणे गणला जातो. शास्त्रीयदृष्ट्या हा भेद योग्यच आहे. परंतु त्यामुळे केवळ भेद्यतेच्या क्रमवारीवरून निधीवाटप झाल्यास नदीकाठची गावे मागे पडतात, आणि जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक घेतले तरी ही उणीव भरून निघत नाही.